साडीच्या दुकानातल्या काकूंचं लाइव्ह

आमच्या नंदुरबारच्या साडीच्या दुकानातल्या काकू गिऱ्हाइकाशी बोलायला लागल्या ना, की मी बिल करायचंच विसरतो! साडी दाखवायच्या आधी बाईला बसवणार, पाणी देणार, गाव विचारणार. मग साडी स्वतःच्या खांद्यावर टाकून बोलतच सुटणार.

आणि ह्याच काकू मोबाईलसमोर गप्प! शेठने साड्या विकायला मोबाईलवर लाइव्ह करायचं ठरवलं, मोबाईल माझ्याकडे दिला. आधी रेकॉर्ड करून बघितलं, तर काकू एकदम पुस्तकी मराठीत "नमस्कार" म्हणाल्या आणि घामाघूम. शेठ म्हणाले, "राहू द्या. तुमच्या जागी सुरतेहून बोलणारी मुलगी आणतो." काकूंचं तोंड एवढंसं झालं. मला हळूच त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, "भाऊ, तठे कोनीच नही शे. कोनसंगे बोलू मी?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मोबाईलचा स्टँड गिऱ्हाइकाच्या गादीवर ठेवायला लावला. त्याच्यावर चक्क बाईच्या डोक्यावर असतो तसा साडीचा पदर ओढला! समोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि मी लाइव्ह चालू करताच, उन्हातून आलेल्या बाईला विचारावं तसं म्हणाल्या, "बठ वं माय. उन्हामाईन उनी ना? कोनता गावनी तू?"

मग हिरवी साडी उचलली. ती खांद्यावर पडली आणि काकू सुटल्या! शहाद्याच्या, तळोद्याच्या बायका कमेंटमध्ये गाव सांगायला लागल्या. शेठ धावतच आले, "काकू, रोज तुम्हीच करा! सुरतवाली नको!"

काकूंनी मानसुद्धा वळवली नाही.

"थांबा शेठ," म्हणाल्या, "गिऱ्हाईक बठेल शे."