पोरीला दाखवलेले डोंगर

नव्वदच्या सुमारास मी सुरगाण्याकडच्या एका शाळेत शिकवायचो. एकदा नाशिकहून जीपने परतताना शेजारी एक वाळका माणूस बसला. मांडीवर चादरीत गुंडाळलेली पाच-सहा वर्षांची पोर, तोंड त्याच्या छातीशी. दवाखान्यातून घरी नेतोय, एवढंच त्यानं ड्रायव्हरला सांगितलं.

डोंगर दिसू लागले तसा तो बोट करून पोरीच्या कानाशी बोलायला लागला. "हा बोडका. याला डाव्या हाताला ठेवायचं. ती दोन कानांची म्हातारी. तिच्या पायथ्याला नदी लागंल, ती सोडायची नाय." एकेक डोंगर झाला की पुढचा. अर्ध्या तासात माझं डोकं उठलं.

"अहो, झोपू द्या की तिला!"

"झोपलीच हाय, गुरुजी."

घाटमाथ्यावर सगळे देवीच्या पाया पडायला उतरले. तो उतरला नाही. मी परत आलो तर पोरीचा पाय चादरीबाहेर आला होता. आत सरकवायला हात लावला. पाय गार होता, आणि ताठ.

त्यानं माझं मनगट धरलं. "ड्रायव्हरला बोलू नका. उतरवून देईल."

"मग तिला हे डोंगर कशाला..."

"येताना तापात होती. वाट बघितलीच नाय तिनं. सांगितली नाय, तर तिचा जीव नाशकातच राहंल."

जीप घाट उतरू लागली. तो पुन्हा बोट करून सांगू लागला. बाहेरच्या बाजूला मी होतो. मी अंग चोरून मागे सरकलो, तिला नीट दिसावं म्हणून.