चिनी साहेबाचं सेवापुस्तक

आमच्या मामेसासऱ्यांनी, म्हणजे माझ्या बायकोच्या सख्ख्या मामांनी, आजवर कुठल्याही सजीव-निर्जीव गोष्टीवर पुरता विश्वास टाकलेला नाही. उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या घरात भिंतीवर दोन घड्याळं आहेत, एक वेळ बघायला आणि दुसरं पहिल्यावर नजर ठेवायला. क्रांती चौकात सिग्नल हिरवा झाला तरी ते स्कूटर हलवत नाहीत. मागून हॉर्नचा गदारोळ उठतो आणि मागं बसलेल्या मला ते शांतपणे सांगतात, "आपल्याला हिरवा दिसायलाय. त्या बाजूच्याला काय दिसायलंय, कुणी पाह्यलं?" माझं लग्न ठरताना त्यांनी माझी माहिती तीनदा वाचून विचारलं होतं, "पदवी आन् नोकरीच्या मधले चार महिने पाव्हणे कुठं होते?" मी घरी झोपा काढत होतो. हे त्यांना आजही पटलेलं नाही.

वैजापूरकडच्या एका सरकारी कचेरीत ते आस्थापनेचे कारकून होते. नेमणूक, बदली, बढती, रजा, माणसाची अख्खी नोकरी ज्यात लिहितात ती सेवापुस्तकं त्यांच्या ताब्यात असत. निवृत्तीनंतर हात शिवशिवत होते, तेवढ्यात मोबाइलवरच्या बातम्यांत त्यांना एक चिनी साहेब सापडला. तालुक्याला कारकून म्हणून चिकटलेला हा गृहस्थ जिल्हा, प्रांत असं चढत थेट बीजिंगात मंत्री होऊन बसला होता. मामांचे डोळे बारीक झाले. "कारकुनाचा मंत्री? ह्यात लई काळंबेरं हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक कोरं सेवापुस्तक आणून त्या चिन्याच्या नावानं उघडलं. दर रविवारी मी फोनवर भाषांतर करून बातम्या वाचायच्या, मामांनी निळ्या शाईत त्याच्या नेमणुका लिहायच्या आणि लाल शाईत हरकती. 'जन्मतारखेचा दाखला पाहिला नाही.' 'कार्यमुक्तीचा आदेश जोडलेला नाही.' 'प्रांताचा गव्हर्नर झाला, जुन्या जागेचा पदभार कुणाला दिला?' एकदा मी वैतागून म्हणालो, "मामा, तो तुम्हाला कशाला उत्तर देईल?" "म्हणूनच तर संशय येतो," ते म्हणाले.

यंदा तो मंत्री अचानक दिसेनासा झाला. बैठकीत नाही, फोटोत नाही. मी हसत हसत मामांकडे गेलो. "मामा, जिंकलात! तुमचा चिनी गायब!"

मामांनी चष्मा काढला. "गायब म्हंजे? आदेश निघाला का?"

"नाही. कुणी काही बोलतच नाहीये."

त्या दिवशी त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही. पुढं मात्र रोज सकाळी फोन, "आला का?" असे कित्येक आठवडे गेले. मला या काळजीचा उलगडा होईना.

तो मामींनी केला. फार पूर्वी कचेरीतली एक फाइल हरवली, संशय मामांवर आला आणि त्यांना घरी बसवलं. सात महिन्यांनी फाइल साहेबांच्याच कपाटामागं निघाली. मामा कामावर परतले, पण ते सात महिने कामाचे धरावेत अशी नोंद कुणी केलीच नाही. बढतीची यादी निघाली तेव्हा पुस्तकात तेवढा खंड दिसला आणि नाव गळालं. "सगळ्या हापिसाची पुस्तकं ह्यांच्यापाशी," मामी म्हणाल्या, "पण आपल्या पुस्तकात आपल्यालाच लिहिता येत नाय ना. ते साहेबानं लिहायचं. एकानं बी नाय लिहिलं." 'जिंकलात' म्हणालो होतो त्याची मला फार लाज वाटली.

गेल्या रविवारी गेलो तर पुस्तक उघडंच होतं. चिनी साहेबाच्या गैरहजेरीपुढं निळ्या शाईत लिहिलं होतं, 'सदर कालावधी कर्तव्यकाळ म्हणून धरण्यात येत आहे.' खाली मामांची सही. त्या नोंदीपुढं लाल शाईचा ठिपकाही नव्हता.

"मामा, आणि पुरावा?" मी सवयीनं विचारलं.

"नाय. लबाड असंल बी तो. पण माणसाची जागा कोरी ठेवू नये. कुणीतरी लिहाया पायजे." त्यांनी सहीवर हलकेच फुंकर मारली आणि पुस्तक मिटलं.

मी म्हणालो, "मामा, अजून आलेला नाही हो तो."

"येईल," मामा म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून इतका खात्रीचा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.