पियानो, काळा डबा आणि तात्यांची जागा

आमच्या कराडच्या ऑर्केस्ट्रात गाणी बसवायला जेवढा वेळ लागे, त्याच्या दुप्पट घोटाळे निस्तरण्यात जाई. त्यामुळे गाणी आता निम्मीही आठवत नाहीत, घोटाळे मात्र सगळे पाठ आहेत. नव्वदच्या दशकातली गोष्ट. जुनी मंडळी भेटली की कुणीतरी म्हणतंच, "ते पियानोचं सांग की!"

आम्ही चौघं. बापू मालक, फौजेच्या सिग्नल म्हणजे वायरलेस विभागातून निवृत्त झालेले. जीपही त्यांची आणि निवेदनही त्यांचंच. शालनताई गायच्या. तात्या ढोलकीवाले, साठीला टेकलेले. आणि मी पेटीवाला. मे महिन्यात महाबळेश्वरच्या एका हॉटेलात आमचा रोज कार्यक्रम असे. तात्या वर्षभर त्या महिन्याची वाट बघत.

मग बापूंनी पुण्याहून सेकंडहँड डिजिटल पियानो आणला, सोबत एक काळा डबा. 'मिडी'ची वायर लावून दोघांना जोडलं की पट्टी पियानोची दाबायची आणि वाजायचं डब्यानं. बासरी, सनई, ढोलकीसुद्धा! आम्ही खूश. तात्या सोडून. कारण जीपमध्ये पुढं बापू आणि शालनताई, आणि पियानो आडवा ठेवला की मागं एकच माणूस मावत होता.

"म्हंजे येत्या मे म्हैन्यात म्हाबळेश्वरला मी न्हाई?" तात्यांनी विचारलं.

"बघू की," बापू म्हणाले. पण त्यांची नजर डब्यावर होती.

*

पहिल्या दिवशी डबा वाजेचना. मी पियानोचा आऊट डब्याच्या आऊटलाच जोडला होता. दोन्हीकडं एकच नाव लिहिलंय, म्हणजे जोडी जमली, असा माझा हिशोब!

बापूंनी मागं वाकून बघितलं. "आरं, दोघंबी बोलाय लागल्यात, ऐकायचं कुणी? पियानोचा आऊट, डब्याचा इन. एकानं बोलायचं तवा दुसऱ्यानं ऐकायचं. फौजेत पैल्या दिवशी शिकीवत्यात ह्ये!"

वायर बदलली आणि लगेच सनई वाजली. शालनताई शांतपणे म्हणाल्या, "आवं बापू, एवढं कळतंय, तर घरात वैनी बोलताना तुमी का बोलताय?"

*

वायर हातभरच होती, म्हणून लांब वायर सांगलीच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून करून घेतली. प्लगला पाच पिना. मिडीला मधल्या तीन लागतात. यानं टेपरेकॉर्डरच्या सवयीनं कडेच्या जोडलेल्या. डबा मुका!

परत गेलो. त्यानं वायरचं एक टोक स्वतःच्या अ‍ॅम्प्लिफायरला लावून बघितलं. "हिच्यातनं आवाजच जात न्हाई."

मी समजावलं, आवाज जायचाच नाही. कुठली पट्टी किती जोरात दाबली, एवढाच निरोप जातो.

त्यानं जरा विचार केला. "निरोपच द्यायचा तर पोस्टकार्ड टाकायचं की! वायर कशाला?"

*

दसऱ्याला बापू सगळ्या वाद्यांची पूजा करत. ढोलकीला हळदकुंकू, माईकला फूल, जीपला हार. पियानो नवा, म्हणून त्याची पूजा जास्त भक्तीनं झाली. दुसऱ्या दिवशी मिडीचा प्लग आत शिरेना.

पुन्हा सांगली. दुरुस्तीवाल्यानं सॉकेटमधून चिमट्यानं एक अक्षता काढली आणि टेबलावर ठेवली. "ह्यो तुमचा फॉल्ट."

बापूंनी ती उचलून कपाळाला लावली. "आमच्या पूजेत खोट न्हाई. तुमच्या मशिनला भोकं लय हायती!"

*

पलूसच्या एका शाळेचं स्नेहसंमेलन. आदल्या दिवशी बापूंच्या हुकुमावरून मी डब्यातली ढोलकी शिकत होतो, त्यासाठी पियानो दहाव्या चॅनेलवर ठेवला होता. डब्यात तालवाद्यं त्या चॅनेलवर वाजतात. तो परत बदलायचा राहिला.

प्रार्थना सुरू झाली. 'सा' दाबला तर कसलासा ढोल. 'नि'ला आखूड शिट्टी. आणि वरचा 'सा' लागला की चांगली लांब शिट्टी! हेडमास्तर तावातावानं मागच्या रांगेत शिरले. प्रार्थना संपेपर्यंत तीन पोरं कान धरून उभी होती.

तात्या माझ्या कानाशी आले. "गड्या, माझं काम तूच करायला लागलास. आता तुझं कोण करणार?"

मला हसू आलं, पण ते हसत नव्हते.

*

एप्रिलच्या शेवटच्या तालमीला बापूंनी तात्यांच्या महाबळेश्वरचा निकाल लावायचं ठरवलं. पियानोच्या डावीकडच्या पट्ट्यांवर डब्यातली ढोलकी लावली, उजवीकडं पियानोचाच आवाज ठेवला. "दोन हात हायती तुला. एकानं गाणं, एकानं ठेका. बघू जमतंय का."

मी वाजवलं. मात्रा चुकली नाही. पण लावणीच्या दुसऱ्या ओळीलाच शालनताई थांबल्या. "ही लावणी हाय का कवायत?"

मला खरंच लाज वाटली. एका म्हाताऱ्या माणसाच्या पोटावर पाय देत होतो, आणि तेही असल्या कवायतीच्या ठेक्यात.

तात्या कोपऱ्यातून उठले. "सर जरा."

मी स्टुलावर उजवीकडं सरकलो. ते शेजारी जरा तिरके बसले, मांडीवर ढोलकी घ्यावी तसे. "धा कुठं हाय? आन् ना?" मी पट्ट्या दाखवल्या. त्यांनी दोन-चार वेळा चाचपून बघितल्या, दोन्ही हात ठेवले आणि बोटं सोडली. एखादी थाप हलकी, एखादी अशी की डबा टेबलावर थरथरला. डबा तोच होता, वायरही तीच. शालनताईंनी कुणी न सांगता गाणं उचललं, आणि माझा उजवा हात आपोआप त्यांच्या मागं धावू लागला. मला एवढं सुख त्या पियानोनं आधी कधी दिलं नव्हतं.

गाणं संपलं. बापूंनी दारातल्या जीपकडं बघितलं, पियानोकडं बघितलं, तात्यांच्या बोटांकडं बघितलं. मग माझ्याकडं वळून एकदम मऊ आवाजात म्हणाले,

"गड्या, तुझं घर एसटी स्टँडच्या जवळच न्हवं?"