कानशिलातला आवाज

कुंडलच्या पारावर माझी एक नक्कल लय गाजलेली: नुकतीच दाढ काढून आलेल्या पुढाऱ्याच्या भाषणाची. सुन्न जीभ, लोंबतं तोंड, अर्धा शब्द पोटात नि अर्धा लाळेत. ते ऐकताना हसून हसून एकाचं धोतर सुटलं, ते पलूसला सापडलं. आसपासच्या म्हशी आठवडाभर थेट ताकच देत होत्या. खोटं वाटत असेल तर म्हशींना विचारा.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी पारावर चहा पिताना हातातली बशी सुटली. उजवा हात ऐकेना. तोंड एका बाजूला गेलं. ‘दवाखान्यात न्या’ म्हणायला गेलो, तर बाहेर पडलं ते हुबेहूब पुढाऱ्याचं भाषण. सगळा पार खदखदला.

“आरं, आज हातबी लुळा केलाय गड्यानं,” माझा शाळेपासूनचा दोस्त म्हणाला, आणि त्यानं टाळीसाठी हात पुढं केला. मी खाली घसरलो तेव्हा कुणीतरी शिट्टीही मारली. बराच वेळ उठलो नाही, तेव्हा कुठं जीप आली.

सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कानशिलावर गारढोण चिकट काहीतरी चोपडलं आणि सोनोग्राफीचा दांडा दाबून धरला. मशीनमधून माझंच रक्त बोलायला लागलं. उजवीकडं संथ, सूं सूं. डावीकडं मात्र आवाज शिट्टीसारखा चढला. जन्मभर मी गोष्टी सांगितल्या. माझ्या डोक्यानं आपण होऊन सांगितलेली ही पहिलीच, आणि नेमकी ती खरी निघाली.

“इथं मेंदूची रक्तवाहिनी अरुंद झालीय, आजोबा. नदीचं पात्र आखडलं की पाणी जोरात पळतं ना, तसं. गोळ्या चुकवू नका. पुन्हा तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर लगेच निघायचं. घरी कोण असतं?”

“आख्खं गाव,” मी म्हणालो. जीभ थोडी परतली होती, तीही आधी थापेकडंच वळली. बायको जाऊन वर्षं झाली. लेक शिरवळला कारखान्यात. माझ्यासाठी रजा काढून आली, रजा संपली तशी तीही गेली.

पारावर पुन्हा गेलो तेव्हा फर्माईश तयारच होती. “व्हऊ दे भाषण. आता तर सराव झालाय.”

“ते बंद,” मी म्हणालो. “पुन्हा माझं तोंड वाकडं दिसलं तर हसायचं न्हाई. उचलून गाडीत घालायचं.”

“लय भारी सुरुवात हाय,” दोस्त म्हणाला, आणि सगळे पुढच्या वाक्याची वाट बघत बसले.

पुढचं वाक्य मी बोललोच नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. गोष्टींतला पुढारी गेला, म्हशी गेल्या. मग हळूहळू माणसंही समोरच्या चहाच्या गाड्याकडं सरकली. आता पारावर मी असतो आणि वरून पडणारी पिंपळाची पानं.

दोस्त मात्र रोज सकाळी समोर येऊन उभा राहतो.

“हस बगू.”

मी हसतो. तो तोंडाकडं निरखून बघतो.

“दोनी हात वर कर.”

करतो.

“बरं हाय,” म्हणतो, आणि गाड्याकडं निघून जातो.