लेलंडचा पायगुण

लेलंड कोवारिक सामना बघायला बसला की नेब्रास्का हरते, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. लेलंडलाही ठाऊक होतं. आणि त्या संघावर त्याच्याइतका जीव टाकणारा माणूस पंचक्रोशीत दुसरा नव्हता.

आमच्या नेब्रास्का राज्याला समुद्र नाही, डोंगर नाही, बड्या शहरांसारखे पैसेवाले संघ नाहीत. आहे तो विद्यापीठाच्या पोरांचा, चेंडू हातात घेऊन पळायच्या अमेरिकन फुटबॉलचा संघ, आणि त्याच्या सामन्याचा शनिवार. लेलंड एकदा भाचीच्या लग्नाला कोलोरॅडोत गेला, तर रस्त्यात आपल्या संघाची लाल टोपी घातलेला माणूस दिसला म्हणून गाडी थांबवून त्याला मिठी मारून आला. नाव विचारायचं राहिलंच.

त्याचा मेव्हणा मिलो याच्या तळघरात मोठा टीव्ही, आणि सगळं गणगोत तिथे जमायचं. काही वर्षांपूर्वी जिंकत आलेल्या सामन्यात लेलंड उशिरा जिना उतरला, आणि नेमका तेव्हाच आपल्या संघातल्या पोराच्या हातून चेंडू निसटला. हरलो. पुढच्या शनिवारी तो आला, पुन्हा हरलो. तिसऱ्यांदा मिलोने त्याला दारातच गाठलं. "लेलंड, राग मानू नकोस, पण तू जरा बाहेर फिरून येतोस का?" लेलंड फिरून आला. जिंकलो! कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, पण मिलोला कोण सांगणार?

तेव्हापासून सामन्याच्या दिवशी लेलंड माळावर पवनचक्क्या दुरुस्त करायला लागला. गुरांच्या टाक्यांत पाणी ओढणाऱ्या त्या चक्क्यांना त्या दिवशी हात लावायला दुसरं कोणी तयार नसे, त्यामुळे गुरंवाले खूश. संघ तरीही अधूनमधून हरायचाच. मग मिलो उलटतपासणी घ्यायचा. एकदा लेलंडच्या कानावर पेट्रोल पंपावर सामन्याचे गुण पडले होते. एकदा त्याने खिडकीतून सामना बघणाऱ्या बायकोचा चेहरा पाहिला होता. "चेहरा बघणं म्हणजे निकाल बघणंच!" मिलोने निवाडा दिला. लेलंडने गाडीतला रेडिओ काढून टाकला.

त्याची बायको आर्डिथ चिडायची. "माझा भाऊ मूर्ख आहे हे मला लहानपणापासून माहीत आहे. तुला काय झालंय?"

"अगं, एवढ्यानं पोरं जिंकत असतील तर माझं काय बिघडतंय?" तो म्हणायचा.

पण बिघडत होतं. संघातल्या एका पोराचा गुडघा मोडला, तेव्हा लेलंड जेवला नाही. त्या दिवशी चक्कीवर चढताना त्याच्या मनात सामन्याचा विचार आला होता. आपण पांढऱ्या पायाचे, ज्यावर जीव लावतो त्याचंच वाटोळं करतो, हे त्याने मनोमन धरूनच ठेवलं होतं.

यंदा थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी पूर्वेकडच्या शेजारी राज्याच्या संघाशी सामना होता. वर्षभर टोमणे मारणारे लोक! त्यांच्यापुढे हरलं की पुढच्या हंगामापर्यंत तोंड लपवायचं. मिलोने जाहीर केलं, "या वेळी धोका नको. मी स्वतः लेलंडबरोबर जातो. राखणीला."

"म्हणजे तू सामना बघणार नाहीस?" आर्डिथने विचारलं.

"राज्यासाठी एवढं करीन," मिलो छातीवर हात ठेवून म्हणाला.

फोन घरी ठेवून दोघे माळावर गेले. लेलंड वर चक्कीचं तेल बदलत होता, मिलो खाली कॉफीचा थर्मास घेऊन त्याच्याकडे टक लावून बसला होता.

"किती वाजले असतील?" लेलंडने वरून विचारलं.

"कशाला हवंय तुला? मनात सामना आणतोयस!"

"पाय गारठलेत, मिलो."

"मग पायांचा विचार कर!"

परतताना मिलोची कळी खुलली होती. "आज तर जिंकलोच. तुझ्यावरून नजर हलू दिली नाही मी."

पण गावात शिरले तर भोंगे नाहीत, आरोळ्या नाहीत. कॅफेचा मालक खांबावरचा लाल झेंडा मुकाट्याने उतरवत होता. मिलोने गाडीचा वेग कमी केला आणि घर येईपर्यंत वाढवलाच नाही.

तळघरात सुतकी शांतता. मांस-राजम्याची चिली गार झाली होती, दालचिनीचे रोल तसेच पडले होते.

"बेचाळीस-सहा," आर्डिथ म्हणाली. "सहा आपले."

मिलो सवयीने लेलंडकडे वळला. "तू..." म्हणाला, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"बोल ना, मिलो," आर्डिथ म्हणाली. "सांग सगळ्यांना, कुठे चुकला तो?"

मिलो डोकं खाजवू लागला. दिवसभर त्याने स्वतःच तर पहारा दिला होता.

लेलंड जिन्याच्या पायरीवर बसला. "म्हणजे... मी नाही," तो हळूच म्हणाला. "मी कधी नव्हतोच." आणि तो हसायला लागला. हसता हसता डोळे भरून आले. "माफ करा रे, हरल्याचं मलाही वाईट वाटतंय," म्हणाला आणि पुन्हा हसला. छातीवर ठेवलेलं जातं कोणी उचलून घ्यावं तसा त्याचा श्वास मोकळा झाला होता. आर्डिथ त्याच्याशेजारी बसून रडत होती आणि तिलाही हसू आवरत नव्हतं.

"मी इथे नव्हतो, म्हणून तर..." मिलो पुटपुटला.

"पुढे एक शब्द काढलास तर त्या चक्कीला बांधून येईन तुला!" आर्डिथ कडाडली.

मिलो लेलंडसमोर येऊन उभा राहिला. "इतकी वर्षं मी तुला दाराबाहेर ठेवलं, लेलंड. चुकलो रे."

"तू ठेवलंस आणि मी राहिलो. दोघेही गाढव." लेलंडने डोळे पुसले. "सामना टेप केलाय ना? लावा."

"अरे, काय बघायचंय त्यात? धुतलंय आपल्याला!"

"लावा म्हणतो ना."

टीव्हीपुढे त्याला खुर्ची दिली, हातात गरम चिलीचा वाडगा दिला. लाल कपड्यांतली पोरं मैदानात धावत आली, तेव्हा लेलंड खुर्चीत पुढे सरकला. थोड्याच वेळात आपल्या पोराने लाथ मारून उडवलेला सोपा चेंडू गोलच्या खांबांच्या बाहेरून गेला. लेलंड ताडकन उठला.

"अरे डोळे आहेत की बटणं?" तो ओरडला. "माझी म्हातारी मावशीसुद्धा मारील तो!"

तळघरात हशा पिकला. शेवटच्या शिटीपर्यंत त्याने एकेका पोराला मनसोक्त शिव्या घातल्या, इतर सगळे घालतात तशा.