ताई ज्या बाजूला पाहते

छत्तीसगढात, तात्यापारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरी, वरच्या खोलीत, ताईचा फोटो आहे. त्यात ती समोर पाहत नाही. मान पाहणाऱ्याच्या डावीकडे वळलेली, ओठ अर्धवट उघडे, कपाळावर बारीकशी आठी. भेटायला आलेलं माणूस आधी हात जोडतं आणि मग विचारतंच, "ह्या कोणाकडे पाहून राहिल्या?"

ताईचा एकटीचा असा फोटो घरात नव्हता. चार दिवसांच्या तापात ती गेली आणि तेराव्याच्या आदल्या दिवशी भाचीच्या लग्नातला एक ग्रुप फोटो घेऊन दादा स्टुडिओत गेला. स्टुडिओवाल्यानं त्यातून तिला कापून मोठं केलं, मागे आकाशी रंग भरला. कापून टाकलेला भाग म्हणजे मी.

फोटो काढताना माझे डोळे मिटतात. लहानपणापासूनच. शाळेच्या फोटोत मिटलेले, कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागली तेव्हाच्या ओळखपत्रावर मिटलेले. ताईला याचा फार राग यायचा. भाचीच्या लग्नात फोटोवाला 'तीन' म्हणायच्या आतच ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "अवं, डोळे उघड न!" तेवढ्यात फोटो निघाला. म्हणजे भिंतीवरची ताई माझ्यावर रागावते आहे, आणि ती पाहते त्या जागी कोणी नाही.

ती गेल्यावर सात-आठ महिने मी काही वाचू शकले नाही. पुस्तक उघडायचे, त्याच पानावर बसून राहायचे. संध्याकाळी दिवा लावला की तिच्या नजरेमागे माझी नजर जायची आणि कोऱ्या भिंतीवर अडकायची. शेवटी मी ठरवलं, तिथे माझा फोटो लावायचा. ग्रुप फोटोचा उरलेला तुकडा मोठा करून घेतला आणि वहिनीला दाखवला. दादा-वहिनी खाली राहतात, आम्ही दोघी बहिणी वर राहायचो.

वहिनीनं तुकडा उजेडात धरला. "वन्सं, हार घातलेल्या फोटोच्या बाजूले जित्या माणसाचा फोटो लावत नसतात."

"काय होतं लावलं तर?"

"काही होत नाही. पण यात तं तुमचे डोळे मिटलेले आहेत. लोक तुमालेही हात जोडतील."

हसू आलं मला. त्या वर्षातलं ते पहिलं हसू असावं. पण तिचं म्हणणं खरं होतं. उघड्या डोळ्यांचा एक तरी फोटो हवा. मी शंकर नगरच्या एका स्टुडिओत जाऊन बसले. त्यानं नऊ फोटो काढले. सातांत डोळे मिटलेले, दोनांत इतके ताणलेले की मागून कोणी भो केल्यासारखे. पैसे देऊन मी रिकाम्या हातानं परत आले.

त्याच महिन्यात ताईच्या शाळेच्या वह्या आवरताना तिच्या हजेरीच्या वहीत एक जाहिरातीचा कागद मिळाला. पाण्याखाली फोटो काढून मिळतील, पोहता येण्याची गरज नाही, सोबत शिकवणारे असतील. हा कागद मला आठवत होता. स्वतःच्या सेवानिवृत्तीच्या आधी तिनंच तो माझ्यापुढे नाचवला होता. "दोघी जाऊ. पाण्यात तरी डोळे उघडशील तू." मी म्हणाले होते, "वेड लागलं काय तुले?" पण कागद तिनं टाकला नव्हता.

मी त्या नंबरावर फोन केला.

फोटो काढणारी तिशीतली मुलगी होती. आईवडील नागपूरकडचे. मी बोलेन ते मराठी तिला सगळं समजायचं, उत्तर मात्र हिंदीत. वय ऐकून ती म्हणाली, "कोई दिक्कत नहीं आंटी, डॉक्टर से एक बार पूछ लीजिए बस." कपड्याबद्दल सांगितलं, फिका रंग, लांब आणि हलका, पाण्यात पसरेल असा.

ताईच्या कपाटात तिची मोतिया रंगाची सुती साडी होती, बारीक लाल काठांची. ताई तीस वर्षं बीरगांवच्या शाळेत शिकवायला जायची. कारखान्यांची काजळी रोज पदरावर बसून यायची, तरी तिनं फिके रंग सोडले नाहीत. रोज साडी धुवायची, भाताच्या पेजेची खळ द्यायची, इस्त्री करून कडक घडी घालायची. शाळेतल्या बाया म्हणत, ताईंची साडी उभी ठेवली तर उभी राहील. ही साडीही तिनंच घडी करून ठेवलेली होती. ताई गेल्यापासून मी ती उघडली नव्हती. नेसताना कागद फाटल्यासारखा आवाज झाला आणि खळीचा तो आंबूस, ओळखीचा वास आला. मी पिना लावल्या आणि निघाले.

वहिनी सोबत आली. मी बोलावलं नव्हतं. "तुमी बुडाल्या तं सांगायले कोणी पाहिजे न," म्हणाली आणि चहाचा थर्मास घेऊन रिक्षात बसली.

शहराबाहेरच्या एका फार्महाऊसचा तरणतलाव होता. एका टोकाला पाण्यात काळा पडदा सोडलेला. पोहायला शिकवणारे एक गृहस्थ होते, पन्नाशीचे, छत्तीसगढी बोलणारे. मला ते 'दीदी' म्हणत आणि मी त्यांना 'भैया'. कॅमेरा बाहेर येण्याच्या आधी पाऊण तास त्यांनी मला नुसतं शिकवलं. कठडा धरून तोंड पाण्यात घालायचं. श्वास धरायचा नाही, सोडायचा. छातीत हवा राहिली तर माणूस वर येतं, हवा सोडली तर आपोआप खाली बसतं. वर यावंसं वाटलं की त्यांच्या हातावर दोनदा थाप मारायची. "हड़बड़ी नइ करना हे दीदी. पानी भागत नइ हे."

मी मान हलवली. सूचना पाळणं मला जमतं. आयुष्यभर तेच केलं आहे.

मग मी त्या मुलीला माझं सांगितलं. "मी कॅमेऱ्यात पाहणार नाही. माझ्या डाव्या हाताला पाहीन."

"कैमरे में नहीं देखेंगी? लोग तो उसी के लिए आते हैं."

"मला डावीकडेच पाहायचं आहे."

तिनं जास्त विचारलं नाही. भैयांना पाण्यातला दिवा घेऊन माझ्या डावीकडे उभं केलं.

मी पायऱ्या उतरले आणि साडी फुगली. कडक कापडाखाली हवा कोंडली, निऱ्यांची भली मोठी घुमटी पाण्यावर तरंगू लागली, आणि मी मधोमध उभी. खाली जाणं शक्यच नव्हतं.

काठावरून वहिनी ओरडली, "वन्सं, तुमी तं तळलेल्या पापडासारख्या फुगून राहिल्या!"

भैयांनी आणि त्या मुलीनं मिळून हवा दाबून काढली. मी श्वास सोडला, खाली बसले, डोळे गच्च मिटलेले. वर आले. पुन्हा गेले. तिसऱ्यांदा वर आले तेव्हा मुलगी कॅमेरा बाजूला धरून पाण्याकडे पाहत होती. माझ्याभोवती पाणी दुधाळ झालं होतं. साडीच्या प्रत्येक घडीतून पांढरा धूर निघावा तसं काहीतरी निघत होतं.

"आंटी, ये क्या है? साबुन रह गया है क्या कपड़े में?"

"साबन नाही वं," वहिनी काठावर उकिडवी बसली. "खळ आहे ते. भाताची पेज."

मुलीला कळलं नाही. भैयांनी ओंजळीत पाणी घेऊन पाहिलं आणि हसू लागले. "अरे, पसिया! पसिया तो पिये के चीज हे दीदी, पहिरे के नइ."

पेज प्यायची असते, नेसायची नाही, यावर सगळे हसले. मीही हसत होते, आणि मधेच मला कळलं की हे काय चाललं आहे. ही खळ ताईनं दिलेली होती. पातेल्यात पेज कालवून, गाळून, तिच्या हातांनी. तिच्या हातचं घरात उरलेलं शेवटचं काम मी पाण्यात घालून बसले होते. कोणीही दोन मिनिटं विचार केला असता तर लक्षात आलं असतं. माझ्या आलं नाही. आमच्या घरी साडी म्हणजे खळीचीच, तिला वेगळं काही असतं हेच डोक्यात नव्हतं.

मुलगी म्हणाली, "पानी साफ होने में टाइम लगेगा. मेरे पास एक लाल गाउन है, आप वो पहन लीजिए."

वहिनीनं माझा चेहरा पाहिला असावा. थर्मास बाजूला ठेवून ती जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "ताईंच्या हातची घडी होती काय ही?"

"हो."

"मंग राहू द्या. घरी जाऊ. वाळवून ठेवू तशीच, अर्धी खळ तं असेल अजून."

मी विचार केला. अर्धी खळ घेऊन घरी जायचं, साडी पुन्हा कपाटात, आणि संध्याकाळी दिवा लावून त्या कोऱ्या भिंतीकडे पाहायचं. आणि ताई तशीच, तोंड अर्धवट उघडं ठेवून. मी वहिनीला म्हणाले, "नाही. धुऊन काढू."

काठालगत अंघोळीचा फवारा होता. त्याखाली उभी राहून मी साडी नेसलेलीच धुतली. एकेक निरी हातात घेऊन चोळली. वहिनी पदर पिळत होती. पांढरं पाणी पायांवरून जाळीत जात होतं, आधी दाट, मग पातळ, मग नुसतं पाणी. शेवटी वहिनी म्हणाली, "झाली. फडक्यासारखी मऊ झाली बाई," आणि स्वतःचे डोळे ओल्या हातानंच पुसले.

तलावातलं पाणी निवळायला तासभर लागला. त्या मुलीनं वेळ वाढवून दिला, कुरकुर केली नाही. तोवर मी कठडा धरून एकच गोष्ट केली. तोंड पाण्यात, डोळे उघड. नाही उघडले. पुन्हा. अकराव्या की बाराव्या वेळी पापण्या एक रेघभर उघडल्या आणि औषधाच्या पाण्यानं इतकं झोंबलं की मी ओरडतच वर आले.

"बस करा वन्सं," वहिनी म्हणाली. "डोळे लाल झाले तुमचे."

"लाल असले तरी उघडेच दिसतील."

भैया म्हणाले, "डर आँखी मा नइ हे दीदी, माथा मा हे. माथा ला ढीला करव." कपाळ सैल सोडायचं. हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. सगळ्यांनी डोळेच उघडायला सांगितलं होतं.

पुन्हा पडद्यापुढे गेले. या वेळी साडी फुगली नाही. पाण्यात शिरताच ती आपोआप सुटी होऊन वर जाऊ लागली. मी कपाळ सैल सोडलं, श्वास सोडला, तळाशी बसले. एक, दोन, तीन मोजलं. आणि डोळे उघडले.

काही दिसलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. ताई दिसली नाही. डावीकडे पिवळट उजेडाचा एक मोठा डाग होता आणि त्यापुढून काहीतरी लाल सरकत होतं, तो साडीचा काठ असावा. झोंबत होतं, पण पापण्या पडल्या नाहीत. सहापर्यंत मोजल्यावर मी भैयांच्या हातावर दोनदा थाप मारली. वर येऊन खोकले, श्वास घेतला आणि म्हणाले, "अजून एकदा."

असं पाच वेळा झालं.

आठवड्यानं फोटो आले. मी एकच निवडला. मोतिया साडी चारी बाजूंनी वर चाललेली, केस सुटलेले, एक गाल हवेनं थोडा फुगलेला. सगळा श्वास मी सोडलाच नव्हता म्हणायचा. डोळे लाल, पण उघडे, आणि पाहणाऱ्याच्या उजवीकडे वळलेले.

मी फ्रेम करून आणली, हातोडी घेतली आणि वहिनीला वर बोलावलं. लपवून लावायचा नव्हता. तिनं फ्रेम हातात घेतली. मग ताईच्या फोटोकडे पाहिलं, मग भिंतीकडे. ताईच्या फोटोच्या डावीकडे हातभर भिंत आहे, मग गच्चीचं दार, आणि दारापलीकडे पुस्तकांच्या कपाटाशेजारी पुन्हा भिंत.

"बाजूले नाही लावायचा," ती म्हणाली. "दाराच्या तिकडून लावा. मधात दार असलं म्हणजे बाजूले नाही होत."

मी ताईच्या डोळ्यांपासून दोरा धरला, दारावरून पलीकडे नेला. दुसरं टोक वहिनीनं धरलं. जिथं दोरा भिंतीला लागला तिथं पेन्सिलीनं खूण केली आणि खिळा ठोकला. पहिला वाकला. दुसरा बसला.

फ्रेम लावून आम्ही दोघी मागे सरलो. वहिनीनं एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

"डोळे तं उघडले तुमी," ती म्हणाली. "पण ताई अजून रागावूनच आहेत."

"गालासाठी असेल," मी म्हणाले. "फुगलाय न."

"हव," वहिनी म्हणाली, आणि चहा टाकायला खाली गेली.