मधोमध दुमडलेला कागद

कोरा कागद हातात आला की काका आधी तो मधोमध दुमडायचे. घडीवरून नख फिरवायचे, कागद उलगडायचे, आणि मग डावीकडे 'फायदे' अन् उजवीकडे 'तोटे' असं लिहायचे. सरकारी कचेरीत जन्मभर टिपणं लिहून लागलेली खोड. मुलीला आलेलं स्थळही त्यांनी असंच तोललं होतं, आणि तोटे जास्त निघूनही होकार दिला होता.

"एकतर्फा कागद म्हणजे आधा झूठ असतो, भिया," असं ते म्हणायचे. आमच्याकडे भावाला, मित्राला, कुणालाही 'भिया'च म्हणतात.

कृष्णपुऱ्याच्या दगडी समाधी-छत्र्यांपलीकडे नदीला लागून आमची गल्ली. काकांचं घर सगळ्यात खाली, माझं चार घरं वर. काकू गेल्यापासून ते एकटेच राहायचे. भेंडी घ्यायचीय की गिलकी, यावरही दोन्ही बाजू मांडणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आम्ही त्यांची भरपूर थट्टा करायचो.

मग आमच्या आमदारांनी एक विधेयक आणायचं ठरवलं. नदीकाठची घरं उठवायची आणि बदल्यात शहराबाहेर पक्की घरं द्यायची. मसुदा वाटला, लोकांचं म्हणणं लेखी मागवलं. माझी तर भूकच मेली. घर वडिलांनी बांधलेलं, सराफ्यातली नोकरी पायी दहा मिनिटांवर. दाराशी जीप थांबली तरी मोजणीवाले आले असं वाटून मी खिडकीशी धावायचो.

हरकत लिहून घ्यायला आम्ही काकांकडे गेलो. त्यांनी कागद दुमडला.

"काका, फायदे कशाला? आपल्याला विरोध करायचा आहे," मी म्हटलं.

"विरोध कर ना. पण पहिले इकडे बघ." त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. मागच्या पुराची रेघ माझ्या कमरेला लागत होती. "मला पण डर लागतो रे. घर जायचा लागतो, अन् पाण्याचा पण लागतो. दोन्ही लिहू दे."

उजवीकडे अकरा ओळी झाल्या, डावीकडे चार. सगळ्यांच्या सह्या उजवीकडेच झाल्या. कागद पोचवायचं काम माझ्याकडे आलं. वाटेत मी तो घडीवर फाडला आणि फक्त उजवा भाग दिला. भ्यालेला माणूस काय करील याचा नेम नसतो. मी हे केलं.

विधेयक बारगळलं. हरकती शहरभरातून आल्या होत्या, पण आम्हाला वाटलं आपणच जिंकलो. गल्लीत पेढे वाटले. काकांनी पेढा हातात धरून विचारलं, "डावी बाजू पण दिलीस ना?"

"दिली की, काका."

"मग ठीक. सब देखकर ही किया होगा," म्हणाले, आणि पेढा खाल्ला.

त्याच पावसाळ्यात भर दुपारी नदी गल्लीत शिरली. मी आधी बायकोमुलांना वरच्या मजल्यावर नेलं, मग गॅसची टाकी, मग टीव्ही. टीव्ही खाली ठेवताना मला काका आठवले. पाण्यातून वाट काढत गेलो तर ते पलंगावर उभे होते, दोन्ही हातांनी खुंटी धरून. पाणी पोटाला लागलं होतं. मी त्यांना पाठुंगळी घेतलं तेव्हा ते लटलट कापत होते, आणि मीही.

काकांच्या छातीत कफ साठला. मुलगी त्यांना मानपूरला घेऊन गेली. दिवाळीआधी ते गेल्याचा फोन आला. खरं काय ते मी त्यांना सांगितलंच नाही. धीर झाला नाही.

डावा तुकडा अजून माझ्या कपाटात आहे. त्यातली चौथी ओळ अशी: 'पाणी चढल्यावर एकट्या माणसाची आठवण लोकांना उशिरा येते. तिकडे तशी वेळ येणार नाही.'

आता ते विधेयक पुन्हा येतंय. आभाळ भरून आलं की मला पाण्याची भीती वाटते, आणि उघडलं की मोजणीवाल्यांची. परवा गल्लीतली माणसं हरकत लिहून घ्यायला माझ्याकडे आली. मी कागद मधोमध दुमडला आणि घडीवरून नख फिरवायला लागलो.

"भिया, दुमडता कशाला?" शेजारी म्हणाला. "एकच बाजू तर लिहायची आहे."